लेकीच्या हृदयाची लय धोक्याची आहे, खेड्यात राहून तिला कसं वाढवताय? (अनुभव आणि माहिती हवी)

गिरणाकाठची

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी मुलगी सहा वर्षांची, यंदा पहिलीत गेली. आम्ही चाळीसगाव तालुक्यात खेड्यावर राहतो, घरची शेती. तिला लाँग क्यूटी सिंड्रोम आहे, टाइप १. हृदयाची रचना अगदी व्यवस्थित आहे. टू-डी इको नॉर्मल, भोक नाही, झडपा नीट. त्यामुळे नातेवाइकांना पटतच नाही. "ऑपरेशन करून टाका ना एकदाचं" असं येणारा-जाणारा सांगतो. पण दोष आहे तो हृदयाच्या विजेत. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पुन्हा तयार व्हायला जो वेळ घेतात तो हिला जास्त लागतो. सासऱ्यांना यांनी समजावलं ते असं: विहिरीवरची मोटर बंद पडली की लगेच बटण दाबायचं नसतं, तिला जरा दम द्यावा लागतो, हिच्या हृदयाला तो दम जास्त लागतो, आणि तेवढ्यात पुढचा ठोका आला तर लय सुटते. सासऱ्यांना ते एका झटक्यात कळलं.

ईसीजीवर हा वेळ मोजतात आणि ठोक्याच्या वेगाप्रमाणे दुरुस्त करून जो आकडा येतो तो क्यूटीसी. ४६० मिलिसेकंदांच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात, ४८० च्या वर वारंवार आला तर निदान जवळजवळ पक्कं. हिचा ५०० च्या पुढे आला होता.

कळलं कसं ते सांगते, कारण ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. अंगणवाडीच्या अंगणात शिवाशिवी खेळताना पळता पळता पडली. पांढरीफटक झाली, हातपाय थोडे झटकले, आणि मिनिटभरात उठून बसली. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. एका दवाखान्यात फिट म्हणून औषध सुरू झालं. पुढेही तसंच झालं, दर वेळी फिटचा डोस वाढला. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला: "पडली त्या वेळी ती काय करत होती?" दर वेळी ती पळत होती. झोपेत, जेवताना, नुसती बसलेली असताना एकदाही नाही. बाईंनी तिथल्या तिथे ईसीजी काढला. पुढे आम्ही रात्रीची गाडी धरून मुंबईला गेलो आणि निदान झालं.

आता प्रोप्रॅनोलॉल चालू आहे, म्हणजे ठोके आवरणारं, बीटा ब्लॉकर गटातलं औषध. गोळीचा ठरलेला भाग चमच्यात पाणी घालून विरघळवायचा आणि पोटात काहीतरी गेल्यावरच द्यायचा. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. भाकरीचा निदान चतकोर तुकडा पोटात गेल्याशिवाय त्या चमचा उचलत नाहीत, आणि चमचा तोंडात गेल्याशिवाय स्वतः पानावर बसत नाहीत. औषध सुरू झाल्यापासून ती पडलेली नाही.

माझे प्रश्न असे. शाळेत काय आणि किती सांगायचं? खेळू द्यायचं का? आमच्याकडे उन्हाळ्यात पोरं विहिरीवर पोहायला शिकतात, तिचा चुलतभाऊ यंदा शिकला आणि ती रोज मागे लागते. गावातल्या दवाखान्यात साध्या सर्दीतापाला नेलं तर कोणती औषधं चालत नाहीत? आणि मोठा प्रश्न, तिला भित्री न करता सावध कसं करायचं?

केळीबाग_रावेर

ताई, माझ्या मुलाला हेच आहे, पण टाइप २. तो नऊ वर्षांचा आहे. तुमच्या मुलीला पळण्याने होतं, याला दचकण्याने. पहिल्यांदा पहाटे गजराच्या घड्याळाने झालं. घड्याळ वाजलं, हा उठला आणि पलंगाखाली कोसळला. त्यामुळे आमच्या घरात गजर नाही, दाराला बेल नाही, मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत. उठवायचं तर आई केसांतून हात फिरवून उठवते.

लग्नसराईत फार त्रास. आमच्या भागात डीजेशिवाय वरात निघत नाही. आम्ही लग्न लागेपर्यंत थांबतो, जेवतो आणि वरात निघायच्या आत घरी. सुरुवातीला भाऊबंद रुसले. मग मी एकेकाला घरी बोलावून ईसीजीची पट्टी दाखवली आणि सांगितलं, हा आवाज माझ्या पोराला मारू शकतो. त्यानंतर पुतण्याच्या लग्नात आमच्या गल्लीपुरता डीजे बंद ठेवला त्यांनी. दिवाळीत गल्लीतली पोरं फटाके फोडण्याआधी येऊन सांगून जातात.

दुसरं म्हणजे पोटॅशियम. रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरलं की या मुलांचा धोका वाढतो. जुलाब-उलट्या झाल्या की आमची धावपळ सुरू, ओआरएसची पाकिटं घरात कायम असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा भर दुपारी शेतावर नेत नाही. केळी तर आपल्या घरचीच, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, पोरगं रोज खातं. पण कोणी सांगितलं की केळी खाऊ घाला आणि गोळ्या सोडा, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मला असं सांगणारे भेटलेत.

पांझरा_बालरोग

मी धुळे जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ आहे. इथे कोणाचा डोस सांगणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलेला प्रश्न प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. पळताना, पोहताना, दचकल्यावर, रागाने किंवा भीतीने मूल पडत असेल तर फिटचं औषध लिहिण्याआधी ईसीजी काढलाच पाहिजे. लय बिघडून मेंदूला रक्त कमी पडलं की हातपाय झटकतात आणि ते फिटसारखंच दिसतं. फरक बहुधा असा की हे मूल एकदम पांढरं पडतं आणि लय परत आली की लवकर भानावर येतं. मिरगीत नंतर बराच वेळ गुंगी राहते, जीभ चावली जाते. पण या लक्षणांवर विसंबू नका, ईसीजी काढा. तो स्वस्त आहे, तालुक्याला होतो. आणि मशीनने छापलेल्या आकड्यावर न थांबता क्यूटी हाताने मोजायला सांगा.

आता औषधं. या मुलांना क्यूटी लांबवणारी औषधं द्यायची नाहीत, आणि नेमकी तीच आपल्याकडे सर्रास दिली जातात. खोकल्याला अझिथ्रोमायसिन, उलटीला ओंडॅन्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन, जुलाबाला सिप्रोफ्लॉक्सॅसिन, बुरशीला फ्लुकोनाझोल. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिनही त्यातच. सर्दीच्या सिरपमधलं फिनाइलएफ्रिन टाळा. ते क्लोरफेनिरामिनसोबत ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा सरकारी औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सगळ्यांसाठीच दिला आहे. दम्याच्या पंपाने आणि दाताच्या भुलीतल्या ॲड्रेनलिननेही ठोके उसळतात, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तापाला पॅरासिटामॉल चालतं, अँटिबायोटिक लागलंच तर अमॉक्सिसिलिन चालतं. क्रेडिबलमेड्स नावाच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी आहे आणि ती बदलत राहते. यादीची प्रत गावातल्या डॉक्टरांकडे आणि मेडिकलवाल्याकडे देऊन ठेवा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. प्रोप्रॅनोलॉल घेणारं लहान मूल बराच वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम येतो, मूल मलूल पडतं, कधी झटके येतात. म्हणून आधी अन्न, मग औषध हा त्यांचा नियम शास्त्राला धरून आहे. उलट्यांमुळे काहीच पोटात राहत नसेल तर घरी ठरवू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. औषध एकाएकी बंद करणंही तितकंच धोक्याचं. मूल वाढतं तसं वजन वाढतं आणि डोस अपुरा पडू लागतो, म्हणून वजनाची नोंद ठेवा.

तळोदेकर

डॉक्टर, यांना ते छातीत बसवायचं मशीन का नाही बसवत? एकदा बसवलं की काळजी मिटेल ना?

पांझरा_बालरोग

आयसीडी म्हणता तुम्ही. लय सुटली की ते आतून शॉक देतं. ज्या मुलाचं हृदय एकदा थांबून परत सुरू झालंय, किंवा औषध नीट घेऊनही जे पडतंय, त्याला ते सुचवतात. इतक्या लहान वयात मात्र त्याचेही त्रास आहेत. मूल वाढतं, तारा ताणल्या जातात, बॅटरी बदलावी लागते, आणि कधी गरज नसताना शॉक बसतो. तो शॉक बसलेलं मूल फार घाबरतं. डाव्या बाजूच्या सिंपथेटिक (हृदयाचे ठोके उसळवणाऱ्या) नसा कापण्याची शस्त्रक्रियाही काहींना उपयोगी पडते. टाइप १ ची बहुतेक मुलं बीटा ब्लॉकरवर छान राहतात, अट एकच, डोस चुकता कामा नये.

गुरुजी_अमळनेर

जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. माझ्या वर्गात असा मुलगा होता म्हणून लिहितो.

ताई, शाळेत सगळं सांगा. आईवडील लपवतात, कारण त्यांना वाटतं शिक्षक मुलाला कोपऱ्यात बसवतील. माझ्याकडच्या मुलाच्या वडिलांनी मला, मुख्याध्यापकांना आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना एकत्र बसवून सांगितलं. एक कागद दिला. त्यावर आजाराचं नाव, औषध, न चालणारी औषधं, आईवडिलांचे आणि डॉक्टरांचे नंबर. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून हजेरीपटाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला, कारण हजेरीपट रोज उघडतोच. बदली शिक्षक आला तरी त्याच्या हातात तो पडतो.

मग आम्ही ग्रामीण रुग्णालयातून प्रशिक्षण मागितलं. मूल पडलं, हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही, तर वाट पाहायची नाही. एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यायची. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. लहान मूल असेल तर एक हात पुरतो. ३० वेळा दाबलं की दोन श्वास. शॉकशिवाय जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं असं तिथे सांगितलं, आणि छाती दाबत राहिलं तर ही घसरण मंदावते. आमच्या गावात गाडी यायला वेळ लागतो. तोपर्यंत जे काही आहे ते आपल्या हातातच आहे. मावशींनी सगळ्यात चांगलं शिकून घेतलं, पिठाच्या पोत्यावर सराव करायच्या.

कांदा, चप्पल, तोंडात पाणी यातलं काही नाही. हे पालकसभेत मी दर वर्षी सांगतो.

तापी_आजोबा

मुली, माझं वय झालं, मला स्पष्ट बोलायची सवय आहे. पोर जगली पाहिजे हे पहिलं. खेळ, पोहणं, गॅदरिंग हे सगळं नंतरचं. घरात ठेवा, अभ्यासात गोडी लावा. मैदानावर पाठवून छातीवर दगड ठेवून बसायचं कशाला?

गिरणाकाठची

आजोबा, तुमच्या काळजीबद्दल राग नाही. सासूबाईही सुरुवातीला हेच म्हणायच्या. "मन्ही नातले काही व्हयनं तं?" हे वाक्य घरात रोज ऐकलं मी. पण आम्ही तिला घरात ठेवून पाहिलं. पोरगी ओसरीवर बसून बाहेरच्या पोरांकडे बघत राहायची, आणि आम्ही जरा आत गेलो की गुपचूप पळायची. आमच्या नजरेआड, एकटी. ते जास्त वाईट. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, औषध नीट चालू असेल, सोबत जाणतं माणूस असेल, तर चालणं, सायकल, लंगडी, नाच हे सगळं करू द्या. शर्यत नाही, रस्सीखेच नाही, कोणी मागे लागून पळवायचं नाही. दम लागला, छातीत धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली की "बसते" म्हणायचं आणि तिथेच खाली बसायचं. हे तिला आता इतकं अंगवळणी पडलंय की खेळता खेळता हात वर करून खाली बसते आणि बाकीची पोरं खेळ थांबवतात. हे पोरांनी आपापसात ठरवलं, आम्ही नाही.

सातपुड्याची_माय

शहादा तालुक्यातून. आजोबा, घरात कोंडून धोका टळत नाही. माझ्या मुलाला सीपीव्हीटी आहे, हाही हृदयाच्या लयीचाच आजार. यात साधा ईसीजी अगदी नॉर्मल येतो, म्हणून हे अजूनच हुलकावणी देणारं. पळताना किंवा खूप उत्तेजित झाल्यावरच लय सुटते, ट्रेडमिलवर चालवून किंवा हॉल्टर (दिवसभर अंगावर ठेवायचं ईसीजीचं यंत्र) लावूनच सापडते. मामाच्या घरी आखाजीच्या झोक्यावर, हसता हसता बेशुद्ध पडला होता. आनंदानेही होतं हे. मग आनंदही बंद करायचा का?

त्याला बीटा ब्लॉकरसोबत फ्लेकेनाइड हे लय सांभाळणारं औषध चालू आहे. ज्यांच्या मुलाचा ईसीजी चांगला आला आणि तरी ते पळताना पडतंय, त्यांनी कृपया तिथे थांबू नका. ट्रेडमिल मागा.

पोहण्याबद्दल. टाइप १ आणि सीपीव्हीटी दोन्हींत पाण्यात पडणं सगळ्यात वाईट, कारण बेशुद्ध झालेलं मूल बुडतं आणि बघणाऱ्याला वाटतं की बुडी मारली. विहीर नको म्हणजे नकोच. पाठीला डबा बांधला तरी नको. माझ्या मुलाला मी सांगितलं, विहीर तुझ्यासाठी नाही, पण नदीत गुडघाभर पाण्यात माझा हात धरून खेळायचं, आणि आम्ही खेळतो.

केळीबाग_रावेर

यात भर. आईवडिलांचे आणि भावंडांचे ईसीजी झालेत का? हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून येऊ शकतो आणि तसा असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. काही जणांचा ईसीजी नॉर्मल असूनही जनुकात दोष असतो, म्हणून घरात एकाचा जनुक सापडला की बाकीच्यांचं रक्तही तपासतात.

आमच्याकडे मुलगा पडायला लागल्यावर सगळं माझ्या बायकोच्या माहेरावर ढकललं होतं. "तिच्या घरात काहीतरी असेल." जनुक निघाला माझ्याकडून. माझे काका तरुणपणी बैलगाडीवरून पडून गेले असं घरात सांगायचे, आता आम्हाला त्याचा वेगळा अर्थ लागतो. मी पण गोळी घेतो. बायकोला जे ऐकावं लागलं त्याबद्दल मी माझ्या आईला सगळ्यांसमोर बोलायला लावलं.

गिरणाकाठची

दादा, आमच्याकडेही तसंच निघालं, ह्यांचा क्यूटीसी वाढलेला आहे, पण ते आयुष्यात कधी पडले नाहीत. त्यांनाही औषध सुरू झालंय. धाकट्याचा ईसीजी चांगला आहे, रक्त पाठवलंय.

नणंदेचा एक सूर असा आहे की हे कोणाला सांगू नका, उद्या मुलीच्या लग्नात अडचण येईल. मी ठरवलंय की सांगायचं. आज गावात सगळ्यांना माहीत असेल तर आज ती वाचेल. लग्नाचं तिचं ती मोठी झाल्यावर बघेल, आणि जो सगळं ऐकून हो म्हणेल तोच तिच्या कामाचा.

गुरुजी, तुमची हजेरीपटाची युक्ती सोमवारीच करते. डॉक्टर, यादी मेडिकलवाल्याला नेऊन दिली. त्याने काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे आणि मुलीचा फोटो मागितला, म्हणजे नोकर मुलगा असला तरी ओळखेल.

पैशांचं कोणाला माहीत आहे का? मुंबईच्या फेऱ्या जड जातात.

गुरुजी_अमळनेर

ताई, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोणता उपचार बसतो ते अंगीकृत रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो, जाताना रेशनकार्ड आणि आधार न्या. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, ० ते १८ वयाच्या मुलांसाठी २०१३ पासून चालू आहे. त्यांच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवलं की जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रातून पुढे पाठवतात. माझ्या वर्गातल्या त्या मुलाचं तसंच झालं.

एरंडोलची_आत्या

धागा पूर्ण वाचला. माझा भाचा जन्मतः बहिरा आहे, चार वर्षांचा. भाऊ आणि वहिनी नात्यातलेच, वहिनी आमच्या सख्ख्या मामाची मुलगी. तो रडायला लागला की कधी कधी काळानिळा होऊन बेशुद्ध पडतो. सगळे म्हणतात, रडून श्वास कोंडतो, मोठा झाला की जाईल. त्याचाही ईसीजी काढावा का?

पांझरा_बालरोग

हो, काढा, आणि उद्याच काढा. श्वास कोंडणं निरुपद्रवी असू शकतं, पण जन्मजात बहिरेपण, नात्यातलं लग्न आणि बेशुद्ध पडणं हे तिन्ही एकत्र असेल तर लाँग क्यूटीचाच एक प्रकार आधी वगळावा लागतो. जर्व्हेल आणि लँगे-नील्सन या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात दोष आई आणि वडील दोघांकडूनही येतो, आणि आजार जास्त तीव्र असतो. ईसीजी काढताना "मूल जन्मतः बहिरं आहे, क्यूटीसी हाताने मोजा" असं स्वतः सांगा. मूळ पट्टी ताब्यात घ्या, मोबाइलवर तिचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. तोपर्यंत उलटी-खोकल्याला वर लिहिलेली औषधं देऊ नका. आकडा कळला की इथे लिहा, कुठे पाठवायचं ते सांगतो.